सुखदेवचे सलग आठ महिने

जी मशीन नीट चालते तिचा किस्सा होत नाही. नीट चालणारी मोटर आणि नीट वागणारा जावई, दोघांबद्दल चार लोकांत सांगण्यासारखं काहीच नसतं. मी बारा वर्षं सूतगिरणीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होतो. जनरेटर, बॉयलर, पाण्याचे पंप, सगळं हाताखालून गेलं. पण आम्ही जुने तीन-चार लोक कारंज्याच्या बस स्टँडसमोर चहाला भेटलो की विषय निघतो तो एकाच मशीनचा. गवत कापायच्या.

सेल्फ मारला की इंजिन फिरायचं, घुर्रर्र घुर्रर्र करायचं, पण पकडायचं नाही. तिच्या आयुष्याचा अर्धा भाग असाच गेला, आणि माझाही. ऐकणाऱ्याला वाटतं, काय धमाल किस्से आहेत. आम्हीही सांगताना हसतोच. हसून झाल्यावर मात्र कोणीतरी हळूच विचारतं, "सुखदेव कुठं असतो आता?" आणि मग चहावाल्याला हिशेब विचारायची वेळ होते.

*

गिरणी हायवे सोडून थोडी आत होती. आवारात शेठचं गेस्ट हाऊस, त्याच्यासमोर भलंमोठं लॉन. शेठ वर्षातून दोनदा येत, पण लॉन बारा महिने हिरवं लागे. ते गवत सहा बाया विळ्यानं कापत. ओळीत उकिडव्या बसून या टोकापासून त्या टोकाला जात, आणि त्या टोकाला पोचेस्तोवर या टोकाचं पुन्हा वाढलेलं असे. काम कधी संपत नसे, त्यामुळे रोजीही कधी बुडत नसे.

चौऱ्याण्णव साली शेठनी कुठूनशी वापरलेली विलायती मशीन आणली. चार चाकं, पुढे इंजिन, मधे सीट, खाली पाती. ड्रायव्हरनं वर बसायचं आणि फिरायचं. आम्ही तिला 'बसायची मशीन' म्हणायचो. टेम्पोतून उतरवायला माणसं कमी पडली म्हणून त्या सहाही बायांना बोलावलं. त्यांनी पदर खोचून ती ढकलत ढकलत शेडमध्ये नेली. सगळ्यात पुढे रंजना होती.

ढकलून झाल्यावर वॉचमननं सांगितलं, "उद्यापासून येऊ नका. आता हे मशीन कापीन."

रंजना म्हणाली, "आधी सांगतलं असतं तं थोडं हळू ढकललं असतं."

*

मशीन चालवायला माणूस हवा होता. निवड झाली सुखदेवची. बागेतच रोजंदारीवर होता, आष्टीकडचा, गावी ट्रॅक्टर चालवलेला. बारीक, शांत, शर्टाची वरची गुंडी कायम लावलेली. आणि रंजनाचा नवरा. म्हणजे ज्या मशीननं बायकोची रोजी गेली, तिच्याच सीटवर नवरा बसला.

बागेचे इनचार्ज बक्षी साहेब. माणूस वाईट नव्हता, पण त्याला नियम करायची हौस होती. त्यांनी सुखदेवला बोलावून सांगितलं, "देखो, मशीन नई है, पोस्टही नई है. आठ महिने सलग चालवून दाखव. खाडा पडायला नको. मग ऑपरेटर म्हणून तुझं लेटर काढतो. लेटर म्हणजे परमनंट, आणि परमनंट म्हणजे क्वार्टर."

सुखदेवनं विचारलं, "साहेब, मी रोज येईन. पण मशीनच बंद पडली तं?"

"तर तू काय चालवणार? मशीन बंद, तर हजेरी बंद. मग पुन्हा एकपासून मोजायचं."

एक रजिस्टर केलं. मशीन चालली की बरोबरची खूण. नाही चालली की फुली, आणि फुलीनंतर नवं पान. आम्हा मेकॅनिक लोकांना हे ऐकून हसू आलं. माणसाची हजेरी कार्बोरेटरच्या हातात दिलेली पहिल्यांदाच पाहत होतो.

*

पहिल्याच दिवशी ती चालू होईना. सेल्फ मस्त फिरे, इंजिन पकडेना. बक्षी साहेब उभे, वॉचमन उभे, गेस्ट हाऊसचा खानसामा उभा. मी तोवर फक्त डिझेल जनरेटर आणि शेतीचे पंप उघडलेले, पण मेकॅनिकनं 'मला माहीत नाही' म्हणायची पद्धत नाही. मी कार्बोरेटर उतरवला. उघडला. धुतला. जेटचं बारीक भोक फुंकलं. त्याचे सगळे तुकडे एका पोत्यावर ओळीनं मांडले आणि गंभीर चेहरा करून म्हणालो, "विलायती काम आहे. टाइम लागेल."

सुखदेव खाली वाकून टाकीकडे बघत होता. सगळ्यांसमोर नाही, मी एकटा विडी ओढायला बाजूला गेल्यावर तो मागून आला आणि हळूच म्हणाला, "अरुणभाऊ, टाकीच्या खाली एक कॉक हाय. तो बंद तं नाई?"

बंदच होता. प्रवासात पेट्रोल सांडू नये म्हणून कोणीतरी फिरवून ठेवला होता. मी पुन्हा सगळं जोडलं, साहेबांसमोर दोन-चार ठिकाणी उगाच पाना मारला, जाता जाता कॉक उघडला, आणि मशीन भडभडून चालू झाली. बक्षी साहेबांनी माझी पाठ थोपटली. सुखदेवनं रजिस्टरमध्ये पहिली खूण केली.

माणूस कसा आहे ते मला त्या दिवशी कळलं. तेव्हाच मी त्याला म्हणालो, तुझे आठ महिने माझ्याकडून.

हे मी म्हणायला नको होतं.

*

पंपावरच्या पेट्रोलमध्ये रॉकेल असायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. जीप ते निमूट पचवी. पण विलायती मशीनचं पोट नाजूक. एकदा चौथ्या महिन्यात असंच बंद पडली, घुर्रर्र घुर्रर्र, आणि दोन दिवस गेले. मी टाकीतलं पेट्रोल तळहातावर घेतलं. खरं पेट्रोल उडून जातं, हात कोरडा आणि थंड राहतो. इथं हात भज्यांच्या कागदासारखा तेलकट झाला.

फुली पडली. नवं पान.

त्यानंतर सुखदेव पेट्रोल स्वतः आणायला लागला. सायकलला कॅन बांधून हायवेवर जायचा. या पंपावर वास घे, त्या पंपावर हातावर घेऊन बघ. एकदा मी बरोबर होतो. पंपावरचा माणूस त्याला वैतागून म्हणाला, "अबे, इतका वास घेऊन तं लोक अत्तरही नाई घेत!"

सुखदेव म्हणाला, "अत्तर लावून कोणी परमनंट होत नाई, भाऊ."

*

मशीन बंद पडली की गवत काही थांबत नसे. मग वॉचमन सायकलवर वस्तीत जाई आणि त्या सहा बायांना बोलावून आणी. मशीन चालू झाली की त्या परत घरी. म्हणजे सुखदेवच्या घरात रोज एकालाच काम. नवऱ्याला खाडा पडला की बायकोला रोजी मिळे, आणि बायकोला सुट्टी असली की समजायचं आज मशीन चालली.

वस्ती कंपाउंडच्या भिंतीपलीकडेच. सकाळी सेल्फचा आवाज तिथवर जाई. एकदा मशीन चालू होईना म्हणून मी प्लग काढायला लागलो, तोच रंजना विळा घेऊन फाटकातून आत आलेली दिसली. वॉचमन अजून सायकलला हवा भरत होता.

मी म्हणालो, "रंजनाताई, तुम्हाला कोणी बोलावलं?"

"बोलवाले कायले पाह्यजे? आवाज आला ना घरी. कोरडा आवाज होता. पेट्रोल पोचून नाई राह्यलं वाटते."

मी पेट्रोलचा पाइप काढून पाहिला. आत कचरा अडकला होता. एक थेंब पुढे जात नव्हता.

पुढच्या वेळी मी मुद्दाम विचारलं, "आज कसा आवाज आहे?" ती म्हणाली, "आज ओला हाय. लय पेलं तिनं." प्लग काढला तर पेट्रोलनं चिंब. चोक जास्त ओढला गेला होता. एक बाई भिंतीपलीकडे भाकरी थापता थापता रोग सांगायची, आणि मी वर्कशॉपमधला पगारी मेकॅनिक तिच्याकडून ऐकून पाना उचलायचो. वर्कशॉपमध्ये हे कोणाला कळलं असतं तर माझी रया गेली असती.

एकदा मी तिला थट्टेत विचारलं, "खरं सांगा, सकाळी आवाज ऐकताना मनात काय असतं? चालू व्हावी की बंद पडावी?"

तिनं विळ्याला लागलेलं गवत बोटानं पुसलं. "चालू व्हावं असंच वाटते. बंद पडली तं मले आजची रोजी भेटते, पण यांचे महिने जाते." मग म्हणाली, "पण घरात पीठ नसलं का नाई, भाऊ, तं आवाज लागेपर्यंत दोन्हीकडून भेव वाटते."

मी पुन्हा तिची थट्टा केली नाही.

*

दसऱ्याला गिरणीत सगळ्या मशीनची पूजा होई. बसायच्या मशीनचीही झाली. हेड माळी नत्थूजी फार भाविक. त्यांनी मशीनला झेंडूचे हार घातले, हळदकुंकू लावलं, आणि नारळ फोडला तो थेट इंजिनच्या कव्हरवर. पाणी आत गेलं. प्लगच्या टोपीत, तारेत, सगळीकडे. वर उरलेलं तीर्थ म्हणून त्यांनी एअर फिल्टरच्या जाळीवरही शिंपडलं.

सुखदेव बौद्ध. तो या पूजेत नसे, बाजूला उभा राही. हेड माळ्याला 'इंजिनवर पाणी नका टाकू' असं पूजा चालू असताना सांगायची त्याची हिंमत झाली नाही, आणि ते मला समजतं. मी असतो तर सांगितलं असतं. पण मी बॉयलरच्या पूजेला गेलो होतो, तिकडे पेढे असत.

दुसऱ्या दिवशी सेल्फ फिरतोय, इंजिन ढिम्म. तीन दिवस गेले. टोपी वाळवली, प्लग बदलला, फिल्टर धुतला. फिल्टरच्या आत झेंडूच्या पाकळ्यांचा अक्षरशः लगदा झाला होता. तेव्हा सुखदेवचा सातवा महिना चालू होता.

नत्थूजींना फार वाईट वाटलं. ते सुखदेवजवळ येऊन म्हणाले, "देवाच्या मनात असन तं होईन बाप्पा."

सुखदेव म्हणाला, "नत्थूजी, पूजा तुमची अन् खाडा माहा. देवाच्या मनात काय आहे ते मले समजून नाई राह्यलं."

आवाज चढवून नाही. विचारल्यासारखं म्हणाला. नत्थूजींनी खाली पाहिलं, आणि पुढच्या दसऱ्यापासून मशीनला नुसतं कुंकू लावलं, तेही टायरला.

*

एका उन्हाळ्यात मशीन रोज चालू होई, दहा मिनिटं चाले, आणि मरे. मग कितीही सेल्फ मारा, पकडत नसे. तासाभरानं पुन्हा चालू. बक्षी साहेबांना शंका आली. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"अरुण, उसकी बीवी को रोजी मिळते ना मशीन बंद पडली की? घरचाच माणूस मशीनमध्ये काही घालत असेल तर?"

मला राग आला. पण साहेबासमोर मेकॅनिकचा राग म्हणजे खिशातला पाना, असतो पण काढता येत नाही. मी शेडमध्ये आलो. टाकीचं झाकण फिरवलं तर आतून फुस्स करून आवाज आला. टाकीनं श्वास कोंडला होता. झाकणाला हवा जायला एक बारीक भोक असतं. ते बंद झालं की टाकीतून पेट्रोल खाली उतरत नाही. मी ते भोक पाहिलं. कुंभारमाशीनं त्यावर मातीचं घर केलं होतं.

ती माती मी सुईनं कोरून कागदावर घेतली. आत एक पांढरी अळी आणि तिच्या खाण्यासाठी ठेवलेला हिरवा किडा. तो कागद तसाच नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवला, त्यांच्या चहाच्या कपाशेजारी.

"काय आहे हे?"

"साहेब, ही बाई मशीनमध्ये घालत होती."

साहेब ओशाळले. रंजनाचा विषय पुन्हा निघाला नाही. पण फुल्या पडल्या होत्या त्या पडल्याच. मी म्हणालो, "साहेब, माशीचा दोष याच्या नावावर का?" तर म्हणाले, "रजिस्टर में कारण का कॉलम नहीं है."

*

हा किस्सा मी सहसा सांगत नाही. यात मी आहे.

शेठच्या पुतणीचं लग्न लॉनवर झालं. मंडपवाले गेले, पण एक लोखंडी खुंटी गवतात तशीच राहिली. सुखदेवचा आठवा महिना चालू होता. आठवा. अकरा दिवस उरले होते. पातं खुंटीवर आदळलं, खण्ण करून आवाज झाला आणि मशीन थांबली. पात्याला थोडा बाक आला होता. मी तो तासाभरात सरळ केला आणि म्हणालो, "मार सेल्फ."

फिरली. पकडली नाही.

इंजिन चालायला तीन गोष्टी लागतात, असं मला माझ्या उस्तादानं शिकवलं होतं. पेट्रोल, ठिणगी आणि दाब. मी पेट्रोल पाहिलं, होतं. प्लग काढून ठिणगी पाहिली, निळीशार होती. भोकावर अंगठा धरून दाब पाहिला, अंगठा उडत होता. तिन्ही आहेत आणि इंजिन चालत नाही. असं होऊच शकत नव्हतं. मी रंजनालाही विचारलं. ती म्हणाली, "भाऊ, आवाज ना कोरडा, ना ओला. असा आवाज म्या कधी आयकला नाई."

पहिल्या दिवशी फुली पडली. मी साहेबांच्या पाया पडायचा बाकी राहिलो. चार दिवस, आठ दिवस, पंधरा दिवस. मी तो कार्बोरेटर इतक्यांदा उघडला की त्याचे स्क्रू झिजले. शेवटी आष्टीच्या बाजाराच्या दिवशी मी तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. ते झाडाखाली बसून लुना दुरुस्त करायचे. मी सांगायला सुरुवात केली, तर मान वर न करता म्हणाले, "पातं कायवर आदळलं काय?"

"हो."

"मंग चाकाची चावी तुटली असन. ठिणगी पडते, पण टायमावर नाई पडत."

इंजिनच्या वरचं जड चाक दांड्यावर जागच्या जागी धरून ठेवणारी एक चावी असते. नखाएवढा, मऊ धातूचा तुकडा. धक्का बसला की ती चिरडते, चाक जरासं सरकतं, आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडते. चाक उचललं असतं तर दिसलं असतं. पण तिथं माझा पाना लागत नव्हता म्हणून ते मी उचललंच नव्हतं. एकोणीस दिवस.

चावी बसवली. पहिल्या सेल्फला चालू झाली. मी तिथंच जमिनीवर बसलो. सुखदेवनं मशीन बंद केली, खानसाम्याकडून दोन कप चहा आणला आणि एक माझ्या हातात दिला.

"सगळं होतं," मी म्हणालो. "फक्त टायमावर नव्हतं."

"जाऊ द्या, भाऊ," तो म्हणाला. "आपलंही तसंच हाय."

त्यानं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. आजही वाटतं.

*

शेवटी दोन हजार एक साली त्याचे आठ महिने भरले. सलग. एकही फुली नाही. शेवटची खूण करताना मी, नत्थूजी आणि वॉचमन असे तिघं साक्षीला उभे होतो. रंजनानं सगळ्यांसाठी शिरा करून आणला. सुखदेव धुतलेला शर्ट घालून, रजिस्टर काखेत घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला.

बक्षी साहेबांनी सगळी पानं उलटून पाहिली. उठून हात मिळवला. मग खुर्चीत बसले, पेनचं झाकण काढलं आणि परत लावलं.

"सुखदेव," ते म्हणाले, "कल ही सर्क्युलर आया है. नवीन लेटर काढायला बंदी. तिसरी पाळी बंद करत आहेत." आणि मग त्या माणसानं, ज्याला मी सात वर्षं मनातून शिव्या दिल्या, डोळ्यांवरचा चष्मा काढला. "तेरी मशीन तो चालू हो गयी. अब मिलच बंद पडत आहे."

सुखदेव बाहेर आला. आम्ही विचारायच्या आधीच म्हणाला, "शिरा खाऊन घ्या. थंडा होते."

*

दोन वर्षांत गिरणी पूर्ण बंद झाली. मी वर्ध्याला एका पंपाच्या दुकानात लागलो. सुखदेव तिथंच राहिला. रिकाम्या क्वार्टरांपैकी एक त्याला राखणीसाठी म्हणून दिली होती, जोवर नवा मालक येत नाही तोवर. कागद नव्हताच, तोंडी होतं.

एका शनिवारी त्याचा दुकानात फोन आला. "अरुणभाऊ, सोमवारी यादी कराले माणूस येऊन राह्यला. सगळ्या मशीनपुढं लिवनार हाय, चालू का बंद. म्हणते का नवा मालक चालू मशीन ठेवते. मशीन ठेवली तं चालवणारा लागनच ना? तुम्ही या. एक डाव पाहून घ्या."

मी रविवारी पहिल्या एसटीनं गेलो. मला तेव्हा एकच वाटत होतं, त्या एकोणीस दिवसांची भरपाई करायची संधी आली आहे.

मशीन वर्षभर बंद होती. ट्रॅक्टरची बॅटरी आणून लावली. सेल्फ फिरला. घुर्रर्र घुर्रर्र. पकडेना. टाकीतलं जुनं पेट्रोल काकवीसारखं झालं होतं, ते काढलं. कार्बोरेटरचा जेट तारेच्या एका केसानं मोकळा केला. प्लग नवा घातला. पकडेना. या वेळी मी चाक आधी उचललं. चावी शाबूत होती. दुपार झाली. रंजना दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "पेट्रोल चाललं बराबर. ठिणगीच नाई."

ठिणगी खरंच नव्हती. तार धरून मागे मागे गेलो. सीटखाली उंदरानं एक वायर कुरतडली होती आणि तिचा उघडा तांबडा भाग लोखंडाला टेकला होता. सगळी ठिणगी तिथंच लोखंडात जात होती. टेप गुंडाळली. सुखदेव सीटवर बसला, चोक ओढला, सेल्फ मारला.

भड. भड. भडभडभड. काळा धूर, मग निळा, मग साफ. रंजनानं पदर तोंडाला लावला. मी ओरडलो, हे कबूल करतो. बारा वर्षांत कुठल्याच मशीनसाठी ओरडलो नव्हतो.

सोमवारी यादीवाल्यानं मशीन चालवून पाहिली आणि लिहिलं, 'चालू'. शेडमधल्या बाकी बहुतेक वस्तूंपुढे 'बंद'. सुखदेवनं मला फोन करून ते वाचून दाखवलं.

पंधरा दिवसांनी ट्रक आला. मी मुद्दाम रजा काढून गेलो होतो, नव्या मालकाची माणसं येणार म्हणून. सुपरवायझरच्या हातात तीच यादी होती. नव्या मालकाला गिरणी चालवायचीच नव्हती. जे 'चालू' ते विकायला न्यायचं. जे 'बंद' ते भंगार, भंगारवाला येईपर्यंत जिथं आहे तिथं पडू द्या. क्वार्टरचं नंतर पाहू.

मी सुखदेवकडे बघू शकलो नाही. आम्ही दोघांनी रविवारभर खपून ती मशीन 'बंद'मधून 'चालू'मध्ये आणली होती. हात लावला नसता तर ती शेडमध्ये राहिली असती, आणि तिच्यासाठी म्हणून तोही काही दिवस राहिला असता.

ट्रकला फळ्या लावल्या. हमालांना ती चढवता येईना. सुखदेव पुढे झाला, सीटवर बसला, एकाच सेल्फमध्ये चालू केली आणि फळ्यांवरून सरळ वर नेली. दोर बांधताना हमालाला सांगत होता, "सकाळी चालू करताना चोक पूर्ण नका ओढजा, अर्धाच ओढजा. अन् पेट्रोल वास घेऊन टाकजा." हमाल मान हलवत होता, त्याचं लक्ष दोराकडे होतं.

सुपरवायझरनं क्लिपच्या पॅडवर लावलेला छापील कागद पुढे केला. 'मशीन चालू स्थितीत ताब्यात दिली.' खाली एक रकाना होता, ऑपरेटरचं नाव, हुद्दा आणि सही.

"ऑपरेटर कोण?"

मी सुखदेवकडे बोट केलं. "हाच."

सुखदेवनं हात पँटला पुसले. पेन घेतलं. नाव लिहिलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. त्याच्यापुढे हुद्दा लिहिला, ऑपरेटर. सही केली. सुपरवायझरनं त्यावर गोल शिक्का मारला, कागद पॅडवरून काढला आणि घडी घालायला लागला.

"साहेब," सुखदेव म्हणाला, "याची एक झेरॉक्स भेटन काय?"